गाडी लागली

आमच्या भाषेत किती गोष्टी माणसाला लागतात! भूक लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, उचकी लागते, पोरीच्या बापाला घोर लागतो. आणि गाडी लागते. एसटी स्टँडवर हाच शब्द दोन अर्थांनी वावरतो. कंट्रोलर ओरडतो, "चिपळूण गाडी फलाटाला लागलीय!" आणि आमची आई पिशवी उचलता उचलता म्हणायची, "फलाटाला आत्ता लागली. मला कवाच लागलीय."

खोटं नव्हतं ते. गाडी जागची हललेली नसायची, नुसता डिझेलचा वास नाकात गेला की आईचं तोंड उतरायचं. तोंडाला पाणी सुटायचं, कपाळावर घाम, ओठ पांढरे. हातात फोडलेलं लिंबू, कनवटीला आवळा सुपारी, तोंडात लवंग, आणि पोलक्याच्या आत पोटावर दुहेरी घडी करून ठेवलेलं वर्तमानपत्र. पोटावर कागद ठेवला की गाडी लागत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या घरी पेपर येत नसे. सोसायटीच्या ऑफिसातला शिळा पेपर मागून आणावा लागायचा. वाचण्यापेक्षा पोटावर ठेवण्यासाठीच आमच्या घरात पेपर जास्त आला.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आईचं माहेर घाटाखाली, चिपळूणच्या पुढं खाडीच्या अंगाला. घाटावरच्या आणि कोकणातल्या सोयरिकी आमच्या भागात जुन्या. कुंभार्ली घाट आज कराड-चिपळूण रस्त्यावरचा म्हणून लोकांना ठाऊक आहे. पण रस्त्याच्या आधी त्या डोंगरात पायवाटा होत्या, बैलांच्या पाठीवर गोणी टाकून माल जायचा. वरून मिरची, गूळ, कडधान्य खाली. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसुलं वर. मीठमिरचीबरोबर लेकीसुनाही गेल्या-आल्या. माझी पणजी म्हणे लग्न झाल्यावर चालत घाट चढून आली. तिला काहीच लागलं नाही, पायाला दगड सोडून.

आजोळच्या आजीला मात्र बोट लागायची. शब्दाचा इतिहास काढायचा तर मला वाटतं आमच्याकडं आधी बोट लागली आणि मग गाडी. कोकणातला चाकरमानी मुंबईला जायचा तो बोटीनं. चिपळूणजवळच्या गोवळकोटहून लाँचनं वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळला, आणि दाभोळला आगबोट. बोट धक्क्याला लागत नसे, पाण्यात दूर उभी राही. पडावातून हेलकावे खात तिच्यापर्यंत जायचं आणि शिडीनं वर चढायचं. पावसाळ्यात हा सगळा व्यवहार बंद, म्हणून मुंबईकर मंडळी मे महिन्यात येऊन पाऊस लागायच्या आत परतायची. आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे, डेकवर मध्यभागी पथारी टाकावी, टोकाला झुलवा जास्त. लाटांकडं बघू नये, किनाऱ्याच्या डोंगराकडं बघावं. कोरडी भाकरी थोडी थोडी चावावी, पण उपाशी राहू नये.

एवढं सगळं सांगून त्यांनी आजीला एकदाच मुंबईला नेलं. भाऊच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिला दोघांनी धरून आणली. चार महिने चाळीत राहिली आणि परत आली ती पुन्हा बोटीत बसली नाही. पुढं 1947 च्या जुलैत रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, शेकडो माणसं गेली. तेव्हा आजी म्हणाली, "समुद्राला माणूस नको असतो. मला त्यानं आधीच सांगितलं होतं." नवरा मुंबईत आणि बायको कोकणात, असा त्यांचा संसार पस्तीस वर्षं चालला. त्याची कारणं लोक पगार, खोली, शेती अशी सांगत. आमच्या घरात बोट लागणं हेही एक कारण होतं, पण ते कुणी कारण म्हणून मोजलं नाही.

आईचं लग्न ठरलं तेव्हा आजीनं म्हणे एकच विचारलं, "मध्ये पाणी नाही ना?" पाणी नव्हतं. घाट होता.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर धावली, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. त्याआधी रस्त्यावर खाजगी सर्व्हिस मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या. आबा त्या गाड्यांत बसलेले. चढाला उतारूंनी खाली उतरून ढकलायचं, वर बसलं की धूर खायचा. त्यामुळं एसटी म्हणजे आबांच्या लेखी राजवैभव, आणि तिच्यात बसून आपली बायको ओकते हा त्यांना अपमान वाटायचा. "आगं, येवढ्या बाया बसत्यात. तुलाच काय हुतंय? मनातनं काढून टाक." आई मनातून काढायची. पोटातून निघायचं.

उन्हाळ्याची सुट्टी पडली की मामा मुऱ्हाळी म्हणून यायचा. मग आईनं आणि त्यानं एक युक्ती काढली होती. घाटमाथ्यापर्यंत कसंतरी एसटीनं जायचं. तो रस्ता वळणाचा असला तरी फार उताराचा नाही. घाटमाथ्याला उतरायचं आणि पायवाटेनं खाली पोफळीपर्यंत चालत जायचं. सामान मामाच्या डोक्यावर, आम्ही दोघं भावंडं पुढं. खाली दरीत गाडी वळसे घेत उतरताना दिसायची, कधी डावीकडं, कधी उजवीकडं, आणि आम्ही तिच्याशी शर्यत लावायचो. हरायचो, पण करवंदं खात हरायचो. आई त्या वाटेवर वेगळीच बाई असायची. पदर खोचून, चपला हातात घेऊन, दगडावरून दगडावर. गाणी म्हणायची. आमच्या घरात मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. दोन हजार फुटांचा डोंगर उतरून पोफळीला चहाच्या टपरीवर बसली की म्हणायची, "बघ, लागलं का काय? मला काय रोग न्हाय."

उतरताना पाय होते. परतताना मात्र फणस, आंबे, तांदूळ, तवशी, आणि डोंगर चढायचा. तेव्हा एसटीशिवाय इलाज नसायचा.

तेरा वर्षांचा होतो तेव्हाची परतीची गोष्ट. गाडीत चिपळूणला सहलीला येऊन गेलेली आमच्या हायस्कूलची दोन पोरं होती, त्यातल्या एकाचा बाप सरकारी नोकरीत. मी त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर जाऊन बसलो. आई मध्ये खिडकीशी, मांडीवर धाकटी. तिसऱ्या की चौथ्या वळणाला आईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वारा उलटा होता. मागच्या खिडकीतल्या माणसाच्या सदऱ्यावर उडालं. तो उठून ओरडायला लागला, शिव्या दिल्या, गावंढळ म्हणाला. धाकटी रडायला लागली. कंडक्टर चांगला होता बिचारा, त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं आणि सगळीकडं बघून विचारलं, "बाईंच्या बरोबर कोण हाय?"

मी बाहेर बघत राहिलो.

त्यानं परत विचारलं. माझ्या शेजारचा पोरगा हसत होता, आणि मीही हसलो. आईनं मागं वळून बघितलं नाही. ती म्हणाली, "कुणी न्हाय. मी एकलीच हाय." तिनं पदर ओला करून त्या माणसाचा सदरा पुसायला घेतला. गावात उतरल्यावर फणस मी डोक्यावर घेतला. वाटेत ती एवढंच म्हणाली, "जड हाय, सावकाश."

हे मी आजवर लिहिलं नव्हतं. पुढं सदतीस वर्षं मास्तरकी केली. वर्गातल्या एखाद्या पोराला सहलीच्या गाडीत ओकारी झाली आणि बाकीची हसली, की माझा हात उठायचा. तो खरं तर कुणावर उठत होता, हे त्या पोरांना कळायचं कारण नव्हतं.

त्याच नोकरीत असताना पुस्तकांतून कळलं ते थोडं सांगतो. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडं, तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की तो हलतो आणि मेंदूला कळतं, आपण वळलो. घाटात कान सांगतो की वळलो, झुकलो, उसळलो. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ बघत असतात, ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. दोन साक्षीदार दोन जबान्या देतात, आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. म्हणून गाडीत वाचणाऱ्याला लवकर लागते. दोन वर्षांच्या आतल्या पोराला सहसा लागत नाही, शाळेच्या वयात सगळ्यात जास्त लागते, पुढं बहुतेकांची कमी होते. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि घराण्यातही चालते. जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 बीगल जहाजावर फिरला आणि शेवटपर्यंत बोट लागून आडवा पडायचा. इंग्रजांचा मोठा दर्यासारंग नेल्सन, त्यालाही लागायची. मनातनं काढून टाक, असं त्या दोघांना सांगायला आबा तिथं नव्हते.

आणखी एक मला फार आवडलेली हकीकत. आपल्याकडं गाडी लागली की बायका म्हणतात, पित्त झालंय. डॉक्टर हसतात. पण 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणारी एक गरोदर बाई आली. पित्ताच्या गांधींवर म्हणून तिला नवं औषध दिलं. तिला ट्राम लागायची. औषध घेतल्यापासून ट्राम लागेनाशी झाली, हे तिनंच येऊन सांगितलं. मग डॉक्टरांनी ते औषध समुद्रातून जाणाऱ्या सैनिकांना देऊन बघितलं आणि गुण आला. आपल्याकडं मिळणारी अॅव्होमिनची गोळी त्याच जातीची, अॅलर्जीच्या औषधांच्या घराण्यातली. बोटींचा आणि दर्यावर्दींचा एवढा मोठा इतिहास, आणि उतारा सापडला तो ट्राममधल्या एका बाईच्या बोलण्यातून, कारण कुणीतरी तिचं ऐकून घेतलं.

गोळीचा एक नेम असतो. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर गोळी उलटीबरोबर बाहेर. आणि झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं घ्यायची नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या परतीच्या पुढच्याच वर्षी श्रावणात तार आली. आजी अत्यवस्थ. आमची म्हैस व्यायला झालेली, आबांना निघता येईना. मी चौदाचा. आबा म्हणाले, "तू जा आईसंगं." पावसात पायवाटेचा प्रश्नच नव्हता. ओढे भरलेले, शेवाळ, जळवा. एसटीत बसायचं आणि चिपळूणपर्यंत उतरायचं नाही.

आईनं पेपर घेतला नाही, लिंबू घेतलं नाही. सोमवार होता, तिचा उपास. आबांनी कंपाउंडरकडून गोळी आणली होती ती तिनं हेळवाकच्या पुढं, पोटात ढवळायला लागल्यावर घेतली. पावसानं खिडक्या बंद. आत ओली घोंगडी, विडीचा धूर, डिझेल, कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी. घाटमाथ्यावर धुकं एवढं की गाडी दिवे लावून मुंगीसारखी चालली होती. मी आईच्या शेजारी बसलो होतो. ती मांडीवरच्या पातेल्यात ओकत होती, मी तिचं कपाळ धरलं होतं. उपाशी पोटी नुसतं हिरवं, कडू पाणी. प्रत्येक वळणाला तिचं डोकं माझ्या हातात जड व्हायचं. तिच्या कपाळावरची शीर माझ्या बोटाखाली उडत होती, ती मला आजही बोटाला जाणवते. मागून कुणीतरी विचारलं, "कोण आजारी हाय का?" मी म्हणालो, "माझी आई हाय. गाडी लागलीय." मोठ्यानं म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

चिपळूणला उतरलो तर वाशिष्ठी दुथडी. पुढची गाडी बंद. मामा खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. तिथून तीन तास चिखलातून चाललो. चालायला लागल्यावर आईच्या तोंडावर जरा रंग आला.

आजी पडवीत बाजेवर होती. दोन दिवस कुणाला ओळखत नव्हती, असं मामी म्हणाली. आई जाऊन पायाशी बसली, बोलायला तोंड उघडलं पण आवाज निघेना, घसा सोलवटून गेला होता. आजीनं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, जरा वेळ बघितलं.

"गाडी लागली काय गो तुला?"

मग मान वळवून मामीला म्हणाली, "तिला आमसुलाचं पाणी दे. साखर घाल."

त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेली. आई अजून सांगते, मरताना तिनं देवाचं नाव घेतलं नाही, पाणी दे म्हणाली, तेही मला.

तेराव्यानंतर परत निघालो. पुढच्या दोन सीटा राखीव म्हणून रिकाम्या होत्या. आई चढताना पायरीवरच थबकली. ड्रायव्हर पन्नाशीचा, पान खाणारा. त्यानं तिचं पांढरं तोंड बघितलं आणि म्हणाला, "ताई, मागं जाऊ नका. हितं माझ्या बाजूला, पहिल्या सीटवर बसा. आन् एक काम करा. खाली बघायचं न्हाय, बाहेर झाडांकडं न्हाय. समोर लांब रस्त्याकडं बघायचं आन् वळण आलं की मला सांगायचं, डावं का उजवं." आई लाजली. तो म्हणाला, "खरंच सांगतो. मलाबी मागच्या सीटवर बसवा, मलाबी लागती. स्टेरिंगवरच्या माणसाला लागत न्हाय, कारण त्याला आधी ठावं असतं."

पोफळी सोडल्यावर चढ सुरू झाला. आई पहिल्यांदा पुटपुटली, "उजवं." मग, "डावं." मग जरा मोठ्यानं. ड्रायव्हर प्रत्येक वेळी "व्हय" म्हणायचा आणि चाक फिरवायचा. जणू तिच्या सांगण्यावरच गाडी चालली होती. मागची माणसं हसली असतील, आम्ही मागं बघितलं नाही. घाटमाथ्याला गाडी थांबली तेव्हा आईनं चहा मागितला. प्रवासात तिनं चहा मागितलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. कानाच्या नळ्यांचं शास्त्र मला कळायच्या कितीतरी आधी त्या माणसानं ते सांगून टाकलं होतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर बोटी बंद पडल्या. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि चाकरमानी रात्री बसून सकाळी गावाला उतरू लागला. आजोबा तोवर राहिले नाहीत. रेल्वे फारशी कुणाला लागत नाही. तिच्यात वळणं मोठी आणि डोंगर पोटातून पार होतात. आजीला हे दाखवायला हवं होतं, असं आई एकदा रत्नागिरीला जाताना बोगद्याच्या अंधारात म्हणाली. पण आमच्या गावाहून आजोळी जायला अजूनही घाटच आहे.

गेल्या मे महिन्यात मामाच्या नातवाचं लग्न होतं. आई आता ऐंशीच्या पुढं. माझ्या मुलाची गाडी, काचा बंद, आत एसी, आणि आरशाला टांगलेली ती सुगंधी बाटली. आई चढता चढताच म्हणाली, "ती काढ आधी." मुलानं काढली. पुढच्या सीटवर ती, मागं आम्ही. माझी नात पाच मिनिटांत मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आणि कोयनानगर यायच्या आत तिचे ओठ पांढरे पडले. आईनं मागं न बघताच ओळखलं. "तिला हितं पुढं आण. माझ्या मांडीवर."

पोराची आई म्हणाली, पोलिस पकडतील, पट्टा लावावा लागतो. मग थांबून जागांची अदलाबदल केली. नात पुढं पट्ट्यात, आई मागं, दोन सीटांच्या मधून मान पुढं काढून. घाटमाथ्याला तिनं गाडी थांबवायला लावली. उतरून काठी टेकत कठड्यापर्यंत गेली. जुनी वाट जिथून सुटायची तिथं आता करवंदीची जाळी माजलीय, प्लॅस्टिकच्या बाटल्या पडल्यात. ती खाली बघत राहिली. माझा मुलगा म्हणाला, "आजी, इथून चालत जायचात? खरंच?" ती म्हणाली, "गात जायचो."

परत गाडीत बसलो. उतार सुरू झाला.

"आता डावं," आई म्हणाली. "मग एक बारकं उजवं, आन् मग मोठं डावं. सांग बापाला."

नात सांगू लागली. माझा मुलगा "व्हय" म्हणाला नाही, तो "ओके" म्हणाला. पोफळीपर्यंत एकही वळण आईचं चुकलं नाही. खाली टपरीवर गाडी उभी केली तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून लिंबू, आवळा सुपारी आणि चौघडी केलेली कॅरीबॅग काढली. लिंबू नातीच्या हातावर ठेवलं. कॅरीबॅग वापरावी लागली नव्हती. ती परत नीट चौघडी करून परतीसाठी पिशवीत ठेवली.